लोकरीच्या दुकानात मेंढी

आज बाजारातल्या लोकरीच्या दुकानाच्या पायरीवर एक मेंढी चढली. रस्त्यावरून धनगरांचा कळप चालला होता, त्यातलीच ती वाट चुकलेली एक.

मी आत होते. भाचीच्या होणाऱ्या बाळासाठी टोपडं विणायचं होतं. लोकरीचा गुंडा हातात घेतला तर तो बोटांखाली करकरला. दुकानदाराला विचारलं, "ही लोकर कशाची हो?"

"कशाची म्हणजे? लोकरीची!"

"अहो, पण मेंढीची का?"

"ताई, लोकर म्हणजे लोकर. त्यात मेंढी कुठून आली?"

मला वैताग येतो तो याच शब्दाचा. प्लॅस्टिकच्या दोऱ्याला आपण खुशाल लोकर म्हणतो आणि बाळाच्या टाळूवर चढवतो. टोपडं चार महिन्यांत लहान होणार. दोरा मात्र त्या बाळाच्या नातवंडांनंतरही उकिरड्यावर तस्साच गुलाबी राहणार! माझी आई आखूड झालेला स्वेटर उसवायची, लोकर धुऊन वाळत घालायची, आणि पुढच्या थंडीत तिचेच मोजे धाकट्याच्या पायांत दिसायचे. आता उसवतंय कोण? घ्या नवा गुंडा!

दारातल्या मेंढीची लोकर बाळाला टोचेल, मान्य. पण मऊ आणि खरी कुठे मिळते, एवढं तरी लोकर विकणाऱ्याला ठाऊक नको?

तेवढ्यात त्याचं लक्ष पायरीकडे गेलं. मोजपट्टी उगारून तो धावला. "हट्! चल, नीघ! तुझं काय आहे इथे?"

मेंढी मुकाट उतरली. खरंच, त्या लोकरीच्या दुकानात तिचं काहीसुद्धा नव्हतं.