चांदरीचा पाय आणि बायडाबाईची गाठ

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर बायडाबाईची म्हैस आली, की गिऱ्हाइकं रांग धरायची. समोर धार काढायची, फेसासकट पेला हातात द्यायचा आणि पेला भरला नाही म्हणून कुणी कुरकुरलं, तर त्याची बापापासून हजामत करायची, अशी तिची रीत. नवरा गेल्यावर गोठा तिनं एकटीनं ओढला. घरात शब्द मात्र धाकट्या दिराचा, गणपतरावाचा. शेणाला हात न लावता म्हशींवर तासभर बोलू शकणारा हा गृहस्थ.

२००६ साली तिच्या डाव्या छातीत गाठ लागली. लेक स्वप्नाली इचलकरंजीहून आली आणि आईला डॉक्टरीणबाईंकडं ओढत घेऊन गेली. सोनोग्राफी झाली, तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला, पण गाठ हरभऱ्याएवढी.

"वेळेत आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऑपरेशन आहेच. शिवाय मुंबईत एका दवाखान्यात नवी पद्धत तपासून बघतायत. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई नेमकी गाठीत घालायची आणि टोक तापवायचं. गाठ आतल्या आत भाजून मरते, वरचं कातडं शाबूत राहतं. अजून पुरती सिद्ध झालेली नाही, हेही सांगते. पण तुमची गाठ बारीक आहे, विचारून बघू."

"इचारा की," बायडाबाई म्हणाली. छाती राहणार असेल, तर तिला मुंबई काय, दिल्लीही जवळच होती.

स्वप्नाली सासरी परतली. घरी गणपतरावानं सगळं ऐकून घेतलं, त्यातलं 'भाजायचं' तेवढं ठेवलं आणि बाकीचं सोडून दिलं.

"भाजायचंच हाय तर मुंबई कशाला, वहिनी? गगनबावड्याच्या वाटंला माझ्या वळखीचा डाग देणारा हाय. चांदरीचा पाय त्येनंच डागला न्हवं? चालाय लागली का न्हाय?"

लंगडणारी चांदरी म्हैस डागल्यावर चालायला लागली होती, हे खरं. डागताना तिचा पाय बायडाबाईनंच धरला होता. तिथंच ती फसली.

त्या माणसानं विळा चुलीत लाल केला आणि छातीवर टेकवला. तिनं तोंडात पदर कोंबला. गाठ आत कुठं आहे, हे ना त्याला दिसत होतं, ना विळ्याला. गणपतराव बाहेर तंबाखू मळत उभा होता. बायामाणसाचं बघू नये, एवढी लाज त्याला होती.

जखम चिघळली. "घाण भाईर पडाय लागलीया," गणपतराव म्हणाला. लेकीचा फोन आला, की "झ्याक हाय" असं सांगून तोच ठेवून द्यायचा. शेवटी स्वप्नाली स्वतःच आली, आईचा पदर बाजूला केला आणि तिला तडक मुंबईला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी तपासून मान हलवली. कातडं जळलेलं, गाठ वाढलेली. आता सुईचं काम राहिलं नव्हतं. छाती काढावी लागली.

बायडाबाई वाचली. कट्ट्यावर परत आली. आणि हा बहाद्दर गणपतराव गल्लीभर सांगत सुटला, "मी डाग दिवून आनला म्हनून पसरलं न्हाय." ऐकणारे मानाही डोलवायचे. बाईची छाती गेली आणि श्रेय विळ्याला.

पुढच्या वर्षी गणपतरावाला मुतखडा झाला. कमरेवर हात दाबत, पिशवी घेऊन तो कट्ट्यावर आला.

"वहिनी, मिरजेला निघालोय. यंत्रात बघून भाईरनंच खडा फोडत्यात म्हनं. कापाकापी न्हाय."

बायडाबाईनं धार थांबवली नाही.

"फोडायचाच हाय तर मिरज कशाला, भावजी? गोठ्यात पहार हाय. हितंच पालथं पडा."

रांग खदखदली.

"थट्टा करू नगा, वहिनी. जीव चाललाय."

"थट्टा न्हाय. तवा तुमीबी केली न्हवती."

गणपतरावानं पिशवी उचलली आणि मिरजेच्या गाडीची वाट धरली. रांग अजून हसत होती. बायडाबाईनं डाव्या बाजूचा पदर सारखा केला आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या हातातला रिकामा पेला ओढून घेतला.