मंजुळामावशींच्या कपाटातले काळे पट्टे

वर्तकनगरात अशी बोलवा होती, की कोपऱ्यावर शिलाईचं दुकान चालवणाऱ्या मंजुळामावशी कराटेतल्या ब्लॅक बेल्ट आहेत. तेही एकदा नव्हे, अकरा वेळा! शाळेच्या व्हॅनमधली पोरं गळ्याला हात लावून सांगायची, "आईशप्पथ, माझ्या दादाने बघितलंय. कपाट उघडलं ना, की अकरा काळे बेल्ट रचलेत. कल्याणला एका चेनचोराला त्यांनी अशी किक मारलेली, तो डायरेक्ट टिटवाळ्याला जाऊन पडला."

ही गोष्ट सगळ्यांत रंगवून सांगायची ती करिश्मा. सोळा वर्षांची पोरगी, पण चेनचोर, मावशी, हवालदार आणि मध्येच वाजणारा रिक्षाचा हॉर्न, सगळं एका तोंडाने करायची. तिच्या नकलेतून कुणी सुटलेलं नव्हतं. आणि खरं काय ते तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तिला जास्तच मजा यायची.

खरं असं होतं, की साठ वर्षांत मावशींचा पाय शिलाई मशीनच्या पायडलपेक्षा वर उचललेला कुणी पाहिला नव्हता. त्या पट्टे शिवायच्या. ठाण्यातले, डोंबिवलीतले, पार टिटवाळ्यापर्यंतचे कराटे क्लास त्यांच्याकडे पट्टे टाकायचे. एप्रिलमध्ये जयंतीचे निळे झेंडे, जूनमध्ये शाळांचे गणवेश आणि बारा महिने पट्टे. आत जाड सुती पट्टी, वरून काळं साटीन, त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ टिपा. एकही टीप कधी हलली नाही. लहान मुलाचा पट्टा असला, तर दोन्ही टोकांना चार बोटं कापड जास्तीचं आत दुमडायच्या. पोर वाढलं की उसवून लांब करता यावं म्हणून, गणवेशाच्या विजारीला ठेवतात तसं. असं करा म्हणून कुणी सांगितलेलं नसायचं.

कपाटातले अकरा पट्टे मात्र खरे होते. ते परत आलेले होते. आठव्या-नवव्या वर्षी मिळालेले, दहाव्या-अकराव्या वर्षी सुटलेले. मग कुणाची तरी आई यायची, "मावशी, चांगला जाडजूड आहे हो, पिशवीला बंद लावून द्या याचे." मावशी पिशवीला दुसरेच बंद लावून द्यायच्या आणि पट्टा घडी करून कपाटात ठेवायच्या.

"पोराचं नाव भरलंय त्याच्यावर," त्या म्हणायच्या. "त्याला भाजी काय लटकवायची?"

त्या गठ्ठ्यात खालून तिसरा पट्टा करिश्माचा होता. नवव्या वर्षी मिळालेला. तेव्हा फोटो काढले होते, केकवर साखरेची मूठ होती. अकराव्या वर्षी क्लास सुटला तो सुटलाच. जगातल्या सगळ्यांच्या नकला करणारी करिश्मा त्या दिवसाची नक्कल मात्र कधी करत नसे.

आणि आता तिच्या धाकट्या भावाची, प्रेमची पाळी आली होती. आठ वर्षांचा प्रेम. एकूण एक काता, म्हणजे कराटेतल्या हालचालींचा ठरलेला क्रम, न चुकता करायचा. क्लासचे विनीतसर तोंड उघडं ठेवून बघत राहायचे. रविवारी हॉलमध्ये त्याला काळा पट्टा मिळणार होता. मापाला म्हणून करिश्मा त्याचा आत्ताचा, काळ्याच्या आधीचा तपकिरी पट्टा घेऊन दुकानात आली आणि आल्या आल्या तिने आईचा आवाज लावला, "मुलांना लहानपणीच मिळालं ना मावशी, की कॉन्फिडन्स येतो होऽऽ."

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी पट्टा मांडीवर घेतला, चष्मा कपाळावर ढकलला आणि आंधळ्याने चेहरा चाचपावा तसा अंगठा पट्ट्यावरून फिरवला.

"हा पट्टा तुझी आई बांधते."

खरंच होतं. रिक्षा खाली उभी असायची, उशीर झालेला असायचा. आई रोज घरातूनच प्रेमला बांधून काढायची.

"शिवते मी," मावशी म्हणाल्या. "पण हा नेणार नाय."

"कोण, प्रेम? मावशी, तो बेल्ट उशाखाली घेऊन झोपेल! मी नेलेला ना?"

"तू नेलास. हा स्वतःच्या तोंडाने नको म्हणेल."

"लागली पैज! हरलात तर इथे दुकानाच्या मधोमध किक मारायची. मी व्हिडिओ काढणार."

"आणि तू हरलीस, तर माझी नक्कल करायची. माझ्यासमोर." मावशींनी दोरा दाताने तोडला. "मागं करतेस ती ठाऊक आहे मला."

गुरुवारी संध्याकाळी आई प्रेमला घेऊन आली. पांढरा ड्रेस, ओले विंचरलेले केस. मावशींनी नवा पट्टा आणला. काळाभोर, कडक, टोकाला पिवळ्या धाग्यात नाव. प्रेमचे डोळे असे चमकले, की करिश्माने खिशातला मोबाईल काढून किकची तयारी ठेवली.

आई सवयीने खाली वाकली. मावशींनी हात आडवा धरला.

"थांबा स्वप्नाताई. रविवारी सर पट्टा हातात देणार ना? मग सगळ्यांपुढं त्याचा त्यानंच बांधायचा असतो."

"अगंबाई!" आई म्हणाली. "ते माझ्या लक्षातच नाही आलं. बांध रे प्रेम, येतं तुला."

प्रेमने कमरेभोवती दोन वेढे घेतले. गाठ मारली, ती सुटली. दुसरी गाठ सशाच्या कानांसारखी उभी राहिली. तिसऱ्यांदा एक टोक गुडघ्यापर्यंत आलं आणि दुसरं सापडेचना. करिश्माच्या जिभेवर क्रिकेटच्या कॉमेंट्रीवाल्याचा आवाज आला होता, पण भावाचं तोंड बघून तो तिथेच राहिला. हवेत उलटी फिरून लाथ मारणारं पोर एका गाठीशी झटत होतं. रडत नव्हतं. सात वेळा त्याने बांधून पाहिलं.

मग त्याने पट्टा सोडला, नीट घडी केली आणि दोन्ही हातांनी मावशींना दिला.

"हा ठेवा तुमच्याकडे. मला ब्राउनचीच गाठ नाही येत अजून."

"अरे, केक सांगितलाय!" आई ओरडली. "डोंबिवलीहून मामा येतोय!"

"येऊ दे ना मामाला. केकपण येऊ दे. पण कोणी विचारलं, गाठ कोणी बांधली, तर मी काय सांगू?"

आईने तिथूनच विनीतसरांना फोन लावला. वाटलं, सर समजावतील. फोन स्पीकरवर होता. सर म्हणाले, "मॅडम, तो काता करतो तेव्हा मी विसरूनच जातो, आठ वर्षांचा आहे म्हणून. गाठीचं मी विचारायला हवं होतं. पुढच्या वर्षी बघू. आणि रविवारी येऊ दे त्याला, ब्राउन बांधून. त्याचा तो."

आईने फोन पर्समध्ये टाकला. प्रेमने मापाला दिलेला तपकिरी पट्टा गळ्यात टाकायला घेतला, तसा मावशींनी तो क्षणभर मागून घेतला आणि करिश्माचा अंगठा धरून त्यावर ठेवला.

"ही ठळक घडी तुझ्या आईची. रोजची, एकाच जागी. आता जरा पुढं ये. लागतंय काही?"

लागत होतं. बारीक, वाकड्या, इकडे-तिकडे पडलेल्या घड्या. दहा, वीस, किती तरी.

"ह्या पोराच्या. गुपचूप बांधून बघतोय, किती दिवसांपासून. जमत नाय म्हणून खातंय त्याला. असलं पोर उसन्या गाठीनं उभं राहील का?"

एका घरात, शेजारच्या पलंगावर झोपणाऱ्या करिश्माला हे कळलं नव्हतं. या बाईला ते चिंधीवरून कळलं होतं.

आई आणि प्रेम पुढे गेले. मावशी मशीनसमोरच्या स्टुलावरून उठल्या आणि गिऱ्हाइकाच्या बाकावर जाऊन बसल्या. "हं. कर आता."

करिश्मा स्टुलावर बसली. चष्मा नव्हता, तरी कपाळावर ढकलला. काहीतरी हातात हवं होतं. तिने कपाट उघडून खालून तिसरा पट्टा ओढला आणि मांडीवर घेतला.

"आण गं पोरी, बघू," ती मावशींच्या आवाजात म्हणाली. अगदी तसाच आवाज, बसका, नाकातून येणारा. अंगठा पट्ट्यावरून फिरला. एक घडी लागली. सरळ, ठळक, आईची. ती पुढे गेली, दुसऱ्या टोकापर्यंत गेली, परत आली. बारीक, वाकडी, तिची स्वतःची अशी एकही घडी लागेना.

"आवाज जमलाय," बाकावरून मावशी म्हणाल्या. "अंगठा जरा हळू फिरव."