आंब्यावरचा लांबमान्या

झरीला, आमच्या गावी, कपाशी फवारून झाली की पंपाच्या तळाशी थोडं औषध उरतं. ते फेकवत नाही, म्हणून दारातल्या झाडावर मारून पंप रिकामा करायचा, ही सगळ्यांचीच रीत. त्या ऑगस्टमध्ये दारातल्या आंब्याच्या कोवळ्या पानांच्या गुंडाळ्या लटकताना दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना दिसल्या आणि ते पाठीवरच्या पंपासकट झाडाकडे वळले.

मी आडवी आले. दादांनीच शेतकऱ्यांच्या मोर्च्यांतून आणलेली पत्रकं वाचत मी वाढले. विषाला औषध म्हणणं मला तेव्हाही सहन व्हायचं नाही, आजही होत नाही. याच झाडाखाली आपण जेवतो, हे मी चांगलं मोठ्यानं सांगितलं.

"पत्रक झालं का वाचून?" दादा म्हणाले. "आता किडा कोणता हाय ते सांग, बाई."

मी पानाकडे पाहिलंच नव्हतं.

पंप ओट्यावर ठेवून आम्ही फांदी वाकवली. तुरीच्या दाण्याएवढा लालसर, चकचकीत भुंगा. पुढे बारीक लांब मान आणि तिच्या टोकाला इवलंसं डोकं. शेजारी आखूड मानेची मादी कामाला लागलेली. तिनं पानाला कडेनं आडवी चीर दिली, मधली शीर कुरतडली, लोंबता भाग उभा दुमडला आणि टोकाकडून वर गुंडाळत आणला. पायांनी दाबायची, थांबायची, पुन्हा दाबायची. लांबमान्या नुसता मान हलवत फिरत होता.

"ह्यो तर पुढारीच हाय," दादा म्हणाले. "कामाला हात न्हाई, मान मात्र वर."

ओट्यावरचा चहा गार झाला, तेव्हा कुठे ती गुंडाळी पुरी झाली. दादांनी शेजारची तयार गुंडाळी नखानं हळूच उलगडली. आत एकच पिवळं अंडं.

"एका लेकराला एक पान," ते म्हणाले. "एवढं झाडाला जड न्हाई."

उरलेलं औषध कपाशीच्या कडेच्या ओळीवर मारायला ते पुन्हा रानात गेले. कपाशीवरचं आमचं भांडण अजून चालू आहे. पण आंब्याकडे पंप परत आला नाही. आता ऑगस्ट लागला की पहिली गुंडाळी कुणाला दिसते, यावर आमची पैज लागते. दोनदा दादाच जिंकलेत.