व्याह्यांच्या रजया

थंडीवर जीव लावणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच झाला, आणि तो नेमका आमचा व्याही निघाला!

अमेरिकेत लढाई जुंपली नि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावती-मोर्शीकडच्या गाड्या मुंबईच्या वाटेवर आमच्या अकोल्यात मुक्काम करत. गाडीत मालकाचा कापूस शिगोशीग आणि खाली गाडीवान कुडकुडतोय! व्याह्यांना हे बघवलं नाही. प्रत्येक गाडीतून धर्मादाय म्हणून मूठभर कापूस घ्यायचा, त्याच्या रजया करायच्या, संध्याकाळी गाडीवानांना द्यायच्या नि सकाळी परत घ्यायच्या, असा कारखानाच त्यांनी मांडला. स्वतः सुईत दोरा कधी ओवला नाही. पण पिंजाऱ्याला वाटे कल्पना आपलीच, शिवणाऱ्या बायांनाही वाटे आपलीच. मी कापसाचा अडत्या. माझी लेक त्यांच्या घरात दिलेली, मी त्यांचा इवाई, म्हणून माझ्या गाड्या सोडतील? छे! "इवाई घरी. इथं मूठ टाका," म्हणत, आणि मूठ त्यांची असे, चांगली सुपाएवढी. नियमही कडक. गाडी नाही तर रजई नाही. एकदा एक कारकून पायी आला नि दात वाजवत रजई मागू लागला, तर म्हणाले, "उद्या गाडी घेऊन या, मंग कुडकुडा."

मग आगगाडी आली. तिकडचा कापूस तिकडेच डब्यात चढू लागला आणि गाडीवान आपापल्या घरी, बायकापोरांत निजू लागले. ज्यासाठी एवढी धडपड, ते आपोआप झालं! सगळे खूश, एक व्याही सोडून. "थंडी तर पडूनच राहिली, इवाई," ते मला म्हणाले, "मानसं काहून येत नाईत?" रोज दिवेलागणीला रजया झटकून रस्त्याकडे तोंड करून बसत. लेक डोळे पुसत माझ्याकडे आली, "बाबा, मामंजी जेवतच नाईत." मला त्यांचा राग आला, खरंच सांगतो.

तरी दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली, उगाच गावाला वळसा घातला आणि तिन्हीसांजेला त्यांच्यापुढे नेऊन सोडली.

"अवो, लय थंडी वाजून राहिली. रजई भेटन का?"

त्यांनी ओळखसुद्धा दिली नाही. गाडीत डोकावून म्हणाले, "मूठ?"

कापूस आणायचा मी विसरलोच होतो! बसायच्या गादीची शिवण उसवून मूठभर काढून दिला. "जुना हाय," म्हणून त्यांनी नाक मुरडलं, आतून सगळ्यांत जाड रजई आणली आणि माझ्या पायांखाली नीट खोचली.

"उद्या बी गाडी येईन ना, इवाई?"

येईन, म्हटलं. तो हिवाळाभर मी घरी निजलो नाही.