काळ्या टाक्यांची चादर

"आधी मोज, मग बोल."

काकांना काहीही विचारा, पहिलं उत्तर हेच. आमच्याकडे चहाला आले की आल्या आल्या ट्रेमधले कप मोजायचे आणि जाताना पुन्हा मोजायचे. माझा नवरा म्हणायचा, "हे आपल्यावर संशय घेतात की काय!" तसं नव्हतं हो. उभा जन्म विमानांच्या देखभालीत गेलेला माणूस. विमानात एखादं हत्यार विसरलं तर काय होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. निवृत्त झाल्यावर ते आणि काकू इकडे परदेशात, यिशुनला मुलीकडे राहायला आले, आमच्याच ब्लॉकमध्ये, चार मजले खाली.

मी याच शहरात, बुओना व्हिस्टाला नोकरी करते, दिवसभर स्क्रीनसमोर. पण मला आणि माझ्या तीन मित्रांना एक खूळ आहे. चौघांनी मिळून दोन माणसांपुरतं एक जुनं विमान घेतलंय. ते एका छोट्या धावपट्टीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये असतं. शेड पुढेमागे पाडणार, म्हणून तिथे वीज कोणी घेतलीच नाही. ना दिवा, ना पंखा. तपासून सही करायला लायसन्सवाला इंजिनिअर ठरल्या दिवशी येतो. मधल्या काळात त्या विमानाला न्हाऊमाखू काका घालायचे. कोणी सांगितलं नव्हतं, आपणहून यायचे.

"वीज नाही? छान!" पहिल्याच दिवशी ते म्हणाले. "मी काम शिकलो ते हँगर पार हिमालयाच्या पायथ्याशी. तिथेही वीज नव्हती. थंडीत पाना बोटांना चिकटायचा, इथे घामाने निसटतो. बाकी अंधार तोच."

दुसऱ्या रविवारी ते घरातलं स्टीलचं ताट घेऊन आले. मला शेडच्या दारात उभं केलं आणि ताटावरून ऊन इंजिनात पाडायला लावलं. मी जरा हलले की आतून आवाज यायचा, "सूर्य जागेवर आहे, तूच हलतेस!" आमच्या चौघांतला लिम घामाघूम होऊन इथल्या लकबीत म्हणायचा, "अंकल, सो हॉट लाह, उद्या करू." काका त्याला मराठीतच उत्तर द्यायचे. त्याला ते कसं कळायचं देव जाणे, पण मुकाट्याने कामाला लागायचा.

आणि ती चादर! पांढऱ्या चादरीवर अठरा हत्यारांच्या आकृत्या, प्रत्येक आकृती काळ्या दोऱ्याने टाके घालून उठवलेली. शाईने काढल्या असत्या तर अंधारात दिसल्या नसत्या. टाके बोटांना लागतात. काम संपलं की काका चादर पसरायचे, एकेक हत्यार आपापल्या आकृतीत ठेवायचे आणि डोळे मिटून वरून हात फिरवायचे. एक जरी आकृती रिकामी लागली तरी विमान जागचं हलायचं नाही. टाके काकूंनी घातलेले. "माझ्या रुखवतातली चादर होती ती," असं त्या भेटेल त्याला सांगायच्या. तक्रार म्हणून सांगायच्या, पण चेहरा फुललेला असायचा.

मला विमान उडवायचा परवाना मिळून वर्ष झालं तेव्हा जळगावहून आई आली. लेकीच्या विमानात बसायचं, एवढी एकच तिची हौस. पण पूर्ण मुक्कामभर पावसाने पिच्छा पुरवला. शेवटच्या दिवशी आभाळ उघडलं. नवे बूट घालून आई तयार. काकांनी चादरीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सतरा."

दहा नंबरचा पाना नव्हता.

"पडला असेल हो कुठेतरी," मी म्हटलं.

"कुठेतरी म्हणजे कुठे? ते सांग, मग ने आईला."

मला भयंकर राग आला. आई उद्या निघणार होती! पण काकांपुढे चालतंय कोणाचं? सीट काढली, सगळी झाकणं उघडली. आई स्टुलावर बसून ताट धरत होती, आणि खरं सांगते, माझ्यापेक्षा स्थिर धरत होती. तीन तासांनी काकांचा हात पार शेपटीत गेला आणि थांबला. शेपटी वरखाली करणाऱ्या तारेला टेकून पाना पडला होता. हवेत जरा सरकला असता तर तार अडकली असती.

तो पाहताच मला आठवलं. सकाळी तिथलं झाकण मीच उघडलं होतं. घाम पुसायला हातातला पाना मीच आत ठेवला होता.

"कोण विसरलं हो भाऊ?" आईने विचारलं.

"वीज नाही ना ताई इथे," काका पाना पुसत म्हणाले. "अंधार विसरला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सापडला ना? मग चहा."

तोवर आभाळ भरून आलं होतं. आई न उडताच जळगावला गेली. पण जिवंत गेली. तो विषय काकांनी पुन्हा कधी काढला नाही, आणि मला वाटलेली लाज अजून गेलेली नाही.

गेल्या महिन्यात दोघं साताऱ्याला परत गेले. काकूंना आपल्या घरात राहायचं होतं. जायच्या आदल्या दिवशी काका शेडवर आले, विमान पुसलं, चादरीवरून हात फिरवून "अठरा" म्हणाले. निघताना दाराच्या कडीचा नट ढिला दिसला, तोही आवळला. माझे डोळे भरले होते, म्हणून मी खाली न बघताच चादर गुंडाळून ठेवली.

पुढच्या रविवारी उघडली, तर सतरा. दहा नंबर नाही.

"नवीन आणू लाह," लिम म्हणाला.

"आधी मोज, मग बोल," माझ्या तोंडून निघून गेलं. चार तास विमान उघडून बसलो. नाहीच सापडला. शेवटी साताऱ्याला फोन लावला.

"काका, सतराच आहेत."

"उडवलंत?"

"छे! उघडून बसलोय."

"थांब." कपाट उघडल्याचा आवाज आला. मग त्यांचा आवाज आला, इतका लहान की ओळखू येईना. "अगं, त्या दिवशीच्या पँटच्या खिशात आहे. कडी आवळली आणि... इतक्या वर्षांत माझ्याकडून कधी..."

मी लिमला झाकणं लावायची खूण केली.

"सापडला ना काका?" मी म्हटलं. "मग चहा."

पलीकडून कपबश्यांचा आवाज आला, आणि मागून काकू ओरडल्या, "अहो, दोनच तर कप आहेत, मोजताय काय!"