आवर्तनाच्या दिवशी भरलेली बाटली

मी रसायनशास्त्राचा पदवीधर आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाचा विश्वास बसायचा नाही. साखर कारखान्याला लागून एक वीज प्रकल्प आहे, त्याच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काढली. उसाचा भुसा आहे तोवर भुसा जाळायचा, तो संपला की कोळसा. कोळशाची राख पाण्यात कालवून नदीकाठच्या तळ्यात सोडायची. तळं भरलं की राखेचं पाणी ओघळीनं नदीत उतरायचं. आता तळं म्हटल्यावर ते भरणारच, त्यात बिचाऱ्या प्रकल्पाचा काय दोष?

नदीचं पाणी ठरावीक महिन्यांनी तपासायचं असा नियम होता आणि तो आम्ही कधीही मोडला नाही. फक्त दिवस आमच्या सोयीनं ठरायचा. वरच्या धरणातून शेतीसाठी आवर्तन सुटलं की नदी भरून वाहायची, राख-बिख सगळी पुढच्या तालुक्याच्या स्वाधीन व्हायची आणि नेमकी त्याच दिवशी आमच्या साहेबांना पर्यावरणाची आठवण यायची. "जा, बाटली भरून आण. पुलाच्या वरच्या अंगाला भर, तिथं पाणी जरा बरं दिसतं." बरं दिसणारच, राखेची ओघळ पुलाच्या खालच्या अंगाला होती. मी बाटली आणायचो, नीट तपासायचो, आलेले आकडे जसेच्या तसे लिहायचो आणि खाली झोकात सही ठोकायचो. एकही आकडा मी कधी खोटा लिहिला नाही. इतक्या सचोटीनं लोकांना फसवायला शिक्षण लागतं राव, ते अडाण्याचं काम नाही.

माझी आई मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. गावातल्या निम्म्या बायका तिच्या हाताखालून शिकून गेलेल्या, त्या तिला अजून बाईच म्हणतात. आमची विहीर घराच्या मागं, नदीला अगदी खेटून, तिच्याच पाझरावर भरणारी आणि पुलाच्या खालच्या बाजूला. आसपासची आठ-दहा घरं तिथंच पाणी भरायची. पाण्याला राखाडी झाक यायला लागली तशी हंडे भरता भरता कुजबुज सुरू झाली. तेव्हा आईनं ग्रामपंचायतीत लावलेल्या माझ्या अहवालाची प्रत मागून आणली आणि विहिरीवर उभं राहून, वर्गात धडा वाचावा तशी ती मोठ्यानं वाचून दाखवली. पाणी पिण्यास योग्य. "आणि सही कुणाची आहे ती बघा," असंही वर म्हणाली. कुजबुज थांबली. बायका रोज निमूट हंडे भरून नेऊ लागल्या. आईनं तो कागद घडी घालून बायबलमध्ये ठेवला, म्हणजे माझ्या लिखाणाला संगत फारच थोर लाभली.

मी स्वतः ते पाणी पीत नव्हतो. प्रकल्पावर कर्मचाऱ्यांसाठी फिल्टर होता, तिथून रोज मोठी बाटली भरून आणायचो. "मला तिथल्या पाण्याची सवय झालीय," असं घरी सांगून ठेवलं होतं. घरात फिल्टर बसवू, असं एकदा सुचवून पाहिलं.

"तुझी सही असताना फिल्टर?" आई म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

मी लगेच गप्प बसलो. गप्प बसण्यात मी तरबेज झालो होतो.

मग आईचं पोट सारखं बिघडायला लागलं, हातांना खाज सुटायची. नगरला डॉक्टरांकडे नेलं. पाणी कुठलं पिता, असं त्यांनी विचारताच आईनं पर्समधून तो कागद काढला, बरोबर घेऊनच आली होती. डॉक्टरांनी वाचला. सही कुणाची, म्हणाले.

"माझ्या मुलाची. हा काय, हाच."

डॉक्टरांनी कागद तिला नाही, मला परत दिला. "विहिरीचं पाणी आजपासून बंद करा," एवढंच बोलले.

परतताना एसटीत मी तिला सगळं सांगितलं. आवर्तन, पूल, बाटली, फिल्टर, सगळं. ती चिडेल, रडेल, बोलणार नाही, असं काय काय मनाशी धरलं होतं.

"म्हणजे मी पोरींना चुकीचं शिकवलं," ती म्हणाली.

"तू नाही आई, मी."

"वाचून कुणी दाखवलं?"

लाज वाटली, अगदी आतून वाटली. साहेबांसमोर इतकी वर्षं मान हलवली तेव्हा ही लाज कुठं गेली होती कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई निघाली, घरोघर जाऊन माफी मागायला. सोबत मी. पहिल्याच घरी तिची एक जुनी विद्यार्थिनी, आता सुनांची सासू झालेली. आई उंबऱ्यातच उभी राहिली. "माझं चुकलं गं. विहिरीचं पाणी पिऊ नका. पोराबाळांना तर अजिबात देऊ नका."

त्या बाईनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग आईला आत नेऊन बसवलं.

"बाई, आमी कुठं पितो? हंड्याच्या बुडाला राख बसती, ती दिसती की. सडा टाकतो, भांडी घासतो त्या पान्यानं. प्यायला टँकरचं घेतो."

"मग रोज हंडा घेऊन येत होतीस ती?"

"न्हाई आलो तर तुमाला वाईट वाटलं आसतं. लेकाचं एवढं कौतुकानं वाचून दाखवलं हुतं तुमी."

दुसऱ्या घरी तेच उत्तर मिळालं. तिसऱ्या घरी तेच. चौथ्या दारात आई उंबऱ्यापर्यंत जाऊन तशीच मागं वळली आणि मी तिचा हात धरला. माझ्या सहीवर विश्वास ठेवून ते पाणी पिणारं माणूस आख्ख्या वस्तीत एकच होतं.