खंडेनवमीच्या अक्षता

सांगलीच्या त्या दुकानात मी दुपारी एक ते सहा उभी असायची. सकाळी कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायचा आणि दुपारी व्हिडिओ गेम विकायचे, अशी माझी चार वर्षं गेली. उभी म्हणते, कारण काउंटरमागं एकच स्टूल होतं आणि त्यावर मालकांच्या दुरुस्तीचा पसारा बसलेला असायचा. मला स्वतःला खेळता काहीच येत नव्हतं. मालकांनी मला घेतलं ते वेगळ्याच हिशेबानं. साडी नेसलेली, चष्मा लावलेली बाई समोर दिसली की पोरांच्या आया निर्धास्त होतात. "मॅडम, तुम्ही फक्त उभ्या राहा," असं ते म्हणाले होते, आणि मी अगदी तेच केलं.

दिवसभर तीच वाक्यं. "याच्यात मारामारी आहे का हो?" आहे म्हटलं की आई दुसरा गेम मागायची, आणि नाही म्हटलं की पोरगं तोंड फिरवायचं. जुन्या डिस्क बदलून न्यायला येणारे ट्यूबलाइटखाली डिस्क धरून ओरखड्यांवरून हुज्जत घालायचे. कधी माझेच विद्यार्थी यायचे, "मॅडम, तुम्ही?" म्हणायचे आणि काही न घेता निघून जायचे. पहिल्या वर्षी मला लाज वाटली. नंतर लाजायलाही ताकद उरली नाही. कोपऱ्यातल्या टीव्हीवर एकच मोटार एकाच वळणावर दिवसभर धडकत असायची. घरी जाऊन भाकरी थापायला बसले तरी ती कानात धडकतच राहायची.

एका गोष्टीवर मात्र मी हमखास चिडायची. खंडेनवमीला घराघरात विळी, मिक्सर, मोटरसायकल यांची पूजा होते, तशी आता गेमच्या मशीनचीही होते. त्यात वावगं काही नाही. पण जिथून डिस्क आत जाते त्या फटीला हळदकुंकू फासायचं आणि वरून अक्षता टाकायच्या, हे यांना कोण सांगतं? मग दसरा झाला की ती मशिनं पोटात तांदूळ घेऊन आमच्याकडं यायची. मी एकेकाला वर्गात झापावं तसं झापायची. शेवटी एक पाटीच लिहून लावली. "मशीनवर अक्षता टाकू नयेत." खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

त्याच वर्षी दुकानात एक आजोबा यायला लागले. फौजेतून निवृत्त झालेले, गाव वडूजच्या बाजूला, म्हणजे माझ्या माहेराकडचंच. बायको गेल्यावर ते सांगलीत लेकीकडं राहायला आले आणि आल्यावर वर्षाच्या आत अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात लुळा पडला. व्यायामाला रबरी चेंडू दिला होता, त्याचा त्यांना वीट आला. नातू पुण्याला शिकायला गेला होता आणि त्याचं जुनं मशीन घरात पडून होतं. त्यावर ते मोटारींची शर्यत खेळायला लागले. उजव्या अंगठ्यानं बटण दाबलं तरच गाडी पळते, सोडलं की थांबते. हळूहळू अंगठा हलायला लागला, मग बोटं. "त्या चेंडूपरास ह्ये बरं हाय पोरी," ते मला म्हणायचे. "हातून चूक झाली तर लगीच दावतंय." लेकीला मात्र ते पटत नव्हतं. या वयात हे काय, महागाचं काहीतरी मोडून ठेवाल, असं ती म्हणायची.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते मशीन घेऊन आले. लय आवाज करतंय, म्हणाले. आतल्या पंख्यात धूळ बसली होती. मालकांनी उघडून ती साफ केली, झाकण नुसतंच वर टेकवून ठेवलं आणि स्क्रू उद्या-परवा बसवू म्हणाले.

दुकानाची पूजा माझ्याकडं असायची. खंडेनवमीच्या दिवशी कॉलेजात लागोपाठ तीन तास घेऊन आले होते, पाय भरून आले होते आणि मला फक्त घरी जायचं होतं. गल्ला, टीव्ही, पेचकस, पक्कड, ओळीनं हळदकुंकू लावत आणि चिमूट चिमूट अक्षता टाकत मी पुढं सरकत होते. त्याच ओळीत दुरुस्तीचं टेबल आलं. विकायची मशिनं सगळी खोक्यात होती, उघडं होतं ते एकच. टेबलाच्या वरच, भिंतीवर, माझी पाटी होती. दसऱ्याच्या सकाळी मालकांनी स्क्रू आवळले, पंखा चालवून बघितला आणि मशीन देऊन टाकलं. डिस्क घालून बघायचं राहिलं.

दोनच दिवसांनी आजोबा पिशवी घेऊन परत आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"मोडलं माज्या हातानं," ते म्हणाले. "डिस्क वाकडी घातली आसंल. आत आडकून बसलीया. लेक म्हनली, हात लावू नका म्हनलं व्हतं का न्हाई? खरं हाय तिचं. तुमीच ठिवून घ्या. ह्यो हात आता कामाचा न्हाई."

तो हात त्यांनी खिशात घालून ठेवला होता. मी काही बोलायच्या आत ते पायरी उतरून गेले.

मालकांनी मशीन उघडलं. डिस्क ओढून घेणाऱ्या रबराच्या रुळाखाली तांदळाचे तीन दाणे होते, कुंकवानं लाल झालेले. मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी पाटीकडं बघितलं.

"राहू द्या मॅडम," ते म्हणाले. "त्यांनी स्वतःच सोडून दिलंय. पार्ट काढायला कामी येईल. आपण होऊन कशाला सांगायचं?"

मी बरं म्हणाले. आज लिहिताना स्वतःचा राग येतो, पण तेव्हा मी खरंच बरं म्हणाले. दमलेल्या माणसाला गप्प बसणं फार सोपं जातं. दाणे तेवढे कागदाच्या पुडीत बांधून पर्समध्ये टाकले.

पुढचे चार दिवस वर्गात खडू हातात घेतला की माझं लक्ष माझ्याच अंगठ्याकडं जायचं. पाचव्या दिवशी पावतीपुस्तकातून नंबर काढून फोन केला. लेकीनं उचलला. "ते आता काहीच करत नाहीत हो," ती म्हणाली. "चेंडूही घेत नाहीत. नुसते बसून असतात." त्यांना दुकानात पाठवा, असं तिला सांगितलं आणि मालकांना म्हटलं, मशीन जोडून ठेवा. त्यांनी एकदा माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मुकाट्यानं जोडलं.

आजोबा दुपारी आले. मशीन नीट झालंय म्हटलं तरी चेहरा तसाच. चार वर्षांत त्या काउंटरवर मी माझ्या गावची भाषा कधी बोलले नव्हते. त्या दिवशी तीच तोंडात आली.

"आवं बाबा, ह्ये तुमच्या हातानं न्हाई मोडलं. माज्या हातानं मोडलं."

पुडी सोडून त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी दाणे बघितले, मग मान वर करून पाटी वाचली.

"तू टाकल्यास?"

"व्हय."

"कवा कळलं तुला?"

"तुमी गेलासा त्याच दिशी."

"आन गप बसलीस."

"व्हय," मी म्हणाले.

ते रागावले नाहीत, जाऊ दे असंही म्हणाले नाहीत. त्यांनी खिशातून उजवा हात काढला आणि पुडीवर आणला. पहिला दाणा चिमटीत येईना, दोनदा निसटला. मी पुडी त्यांच्याकडं सरकवायला गेले, तर "ऱ्हाऊ दे" म्हणाले. तो उचलला आणि डाव्या तळहातावर ठेवला. मग दुसरा. मागं एक बाई पोराला घेऊन उभी होती. "याच्यात मारामारी आहे का हो?" तिनं दोनदा विचारलं, माझं लक्ष दाण्यांवर होतं. तिसरा दाणा काउंटरच्या काचेवर घरंगळला. तिथूनही त्यांनी तो उचलला.

तिन्ही दाणे शर्टाच्या खिशात घालून त्यांनी वरचं बटण लावलं, तेही उजव्याच हातानं.

"लेकीला दावतो," ते म्हणाले आणि चालायला लागले. मशीन काउंटरवरच राहिलं होतं. ते द्यायला मला त्यांच्या मागं रस्त्यापर्यंत पळावं लागलं.